तक्ता ‘कॉल’ म्हणाला, मग चुकलं कुठे?

पत्राचा गोषवारा: पुण्यातले एक वाचक, वय 36, आयटीत नोकरी. ऑगस्ट 2025 पर्यंत ऑनलाइन पोकर खेळायचे. पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद झाल्यापासून वर्षातून दोन-तीनदा मित्रांबरोबर गोव्याला जातात आणि कॅसिनोतल्या टूर्नामेंटला बसतात. गेल्या खेपेला 35 हजार रुपये प्रवेश फीच्या, तीसेक जणांच्या टूर्नामेंटमध्ये ते शेवटच्या चारांत पोचले. बक्षिसं तिघांनाच होती: 5 लाख, 3 लाख आणि 2 लाख. टेबलावर एकूण 10 लाख चिप्स. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, 10 हजार-20 हजार (लहान तो स्मॉल, मोठा तो बिग ब्लाइंड), शिवाय बिग ब्लाइंडवाल्याने भरायची 20 हजारांची अँटी, म्हणजे आणखी एक सक्तीची भर. चिप लीडरकडे 4 लाख 50 हजार, यांच्याकडे 3 लाख, तिसऱ्याकडे 2 लाख आणि चौथ्याकडे जेमतेम 50 हजार. हे बिग ब्लाइंडवर होते. पहिल्या दोघांनी पत्ते टाकले आणि स्मॉल ब्लाइंडवरच्या चिप लीडरने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. यांच्या हातात वेगवेगळ्या रंगांचे एक्का-गुलाम. किती चिप्स असताना कुठले पत्ते खेळायचे, याच्या पाठ केलेल्या तक्त्यानुसार 15 बिग ब्लाइंडच्या स्टॅकला (चिप्सच्या ढिगाला) एक्का-गुलाम म्हणजे सरळ कॉल, म्हणजे तेवढ्याच चिप्स लावून भिडायचं, म्हणून यांनी कॉल केला. समोर निघाले राजा-अठ्ठी, शेवटच्या पत्त्याला राजा पडला. नंबर चौथा, हाती शून्य.

अर्ध्या तासापूर्वी याच चौथ्या खेळाडूने 60 हजारांचं ऑल-इन केलं होतं. तेव्हा हे बिग ब्लाइंडवर राणी-अठ्ठी घेऊन बसले होते. ‘कचरा पत्त्यांवर कुणाला डबल करायचं नाही’ म्हणून त्यांनी फोल्ड केलं, म्हणजे पत्ते टाकले. आता ते विचारतात: “मित्र म्हणतात, तू पुढे होतास, नशीब फुटकं. घाबरून खेळायचं तर पोकर खेळूच नये. मलाही तसंच वाटतं, पण झोप लागत नाही. बायको म्हणते, हरलास ते ठीक, पण 2 लाख समोर दिसत असताना तूच का उठलास? तिला पोकर कळत नाही. नशीब की चूक? पुढच्या वेळी जावं की नाही?”

उत्तर:

नमस्कार.

राजा पडला हे नशीबच. पण राजा पडायच्या आधी जे झालं, ते नशीब नव्हतं. तुमच्या मित्रांचं वाक्य खरं आहे, तुम्ही पुढे होतात. एक्का-गुलाम विरुद्ध राजा-अठ्ठी म्हणजे साठ टक्क्यांच्या आसपास तुमची बाजू. गोम अशी, की त्या क्षणी साठ टक्के पुरणार नव्हते.

आधी तुमच्या तक्त्याकडे बघू, कारण तुम्ही त्याला दोष देताय आणि तो बिचारा निर्दोष आहे. असे बहुतेक तक्ते ‘चिप म्हणजेच पैसा’ असं धरून केलेले असतात. त्या हिशेबाने तुमच्या हाताचा भाव काढूया. फोल्ड केलंत तर ब्लाइंड आणि अँटी जाऊन तुमच्याकडे 2 लाख 60 हजार उरतात. कॉल करून जिंकलात तर 5 लाख 80 हजार होतात. 260 भागिले 580 म्हणजे सुमारे 45 टक्के. तेवढी जिंकायची शक्यता असली की चिप्सच्या हिशेबाने कॉल बरोबर. एक्का-गुलामाला तर त्याहून पुष्कळ जास्त आहे. तक्ता ‘कॉल’ म्हणतो तो याच अर्थाने. दोघंच उरले असते तर मीही तेच म्हटलं असतं.

पण तुम्ही चौघं होतात, आणि तिथे चिप म्हणजे पैसा नव्हता. दिवाळीत घरी तीनपत्ती खेळताना ढिगातला रुपया हा रुपयाच असतो. उठताना जेवढे जमले तेवढे खिशात घालायचे. टूर्नामेंटमध्ये चिप्स खिशात घालता येत नाहीत. तिथे विकली जाते ती फक्त जागा: पहिली, दुसरी, तिसरी. सगळ्या 10 लाख चिप्स जिंकणाऱ्यालाही 5 लाख रुपयेच मिळतात. उरलेले 5 लाख, ज्यांच्याकडे शेवटी एकही चिप नाही अशा दोघांना जातात. म्हणून ढीग वाढत जातो तशी प्रत्येक नव्या चिपची किंमत कमी होते. आणि हातातली शेवटची चिप सगळ्यात महाग असते.

ही किंमत काढायची एक रीत आहे, पोकरवाले तिला आयसीएम म्हणतात. तिचं मूळ घोड्यांच्या शर्यतीत आहे. हारव्हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने 1973 मध्ये, शर्यतीत कोण कितवा येईल याच्या शक्यता काढायचं सूत्र मांडलं. पुढे 1987 मध्ये मेसन मालमथ यांनी तोच विचार पोकरला लावला. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर टनाला, म्हणजे पहिल्या तीन घोड्यांच्या क्रमावर पैज, लावणाऱ्या जुन्या मंडळींना हे लगेच समजेल. पहिला येण्याची शक्यता म्हणजे तुमच्या चिप्सचा वाटा. पहिला कोण ते धरून त्याला बाजूला काढा, उरलेल्यांत पुन्हा वाटे घाला, दुसरा मिळाला. मग तिसरा. प्रत्येक जागेची शक्यता त्या जागेच्या बक्षिसाने गुणा आणि बेरीज करा. हाताने करायला कंटाळवाणं आहे, पण यासाठी फुकटची गणकयंत्रं ढीगभर मिळतात.

तुमच्या टेबलाचे आकडे घातले तर असं येतं. फोल्ड केलं असतंत तर 2 लाख 60 हजार चिप्सची किंमत होती सुमारे 2 लाख 91 हजार रुपये. कॉल करून जिंकला असतात तर 5 लाख 80 हजार चिप्सची किंमत 4 लाख. चिप्स दुपटीहून जास्त झाल्या, पण पैसे दीडपटही झाले नाहीत. आणि हरल्यावर शून्य, तेही अर्धं-पाव शून्य नव्हे. आता भाव पुन्हा काढा: 291 भागिले 400, म्हणजे सुमारे 73 टक्के.

पंचेचाळीसचे त्र्याहत्तर झाले. हा फरक तक्त्यात नव्हता.

73 टक्के म्हणजे किती पत्ते, हे ऐकून तुम्हाला धक्का बसेल. समजा तो चिप लीडर पत्ते न बघता, मिळेल त्या दोन पत्त्यांवर ऑल-इन करतोय. तरीही 73 ची पायरी ओलांडतात फक्त दश्शीची जोडी आणि तिच्या वरच्या जोड्या. नव्वीची जोडी 72 टक्क्यांवर, म्हणजे थोडक्यात बाहेर. एक्का-राजा एकाच रंगाचे असले तरी 67. तुमचा एक्का-गुलाम 63-64. म्हणजे तो माणूस आंधळा खेळत होता असं मी उदारपणे मान्य केलं, तरी तुमच्या कॉलची किंमत येते 2 लाख 56 हजार, आणि फोल्डची 2 लाख 91 हजार. निव्वळ 35 हजारांचा तोटा. एका कॉलमध्ये तुम्ही आणखी एकदा प्रवेश फी भरलीत. तो अर्धेच पत्ते निवडून खेळत असेल तर तोटा याहून मोठा.

आणि पत्रात ‘राजा-अठ्ठीवर ऑल-इन मारणारा येडा’ असं तुम्ही ज्याला म्हटलंय, तो येडा नव्हता. त्याच्या जागेवरून बघा. तुम्ही नीट खेळत असाल तर दश्शी ते एक्का या पाच जोड्यांवरच कॉल करणार. दोन पत्त्यांच्या 1326 जोडणींपैकी या झाल्या 30, म्हणजे शंभरात सव्वादोन वेळा. बाकी सगळ्या वेळी तुमचा ब्लाइंड आणि अँटी त्याला फुकट. त्याला राजा-अठ्ठीचीही गरज नव्हती, दुर्री-सत्तीही चालली असती. त्याने तसा हिशेब केला होता की नुसता अंगात आला होता, ते मला माहीत नाही. पण जिच्या जोरावर तो मोकळा होता ती गोष्ट तुमच्याकडे नव्हती. हरला असता तरी त्याच्याकडे 1 लाख 70 हजार उरले असते. तुमच्याकडे काहीच उरणार नव्हतं.

ऑल-इनची रेंज, म्हणजे कुठल्या कुठल्या पत्त्यांवर खेळायचं ते, ठरवताना बहुतेक जण आधी आपले पत्ते बघतात, मग आपला स्टॅक किती ब्लाइंडचा ते मोजतात आणि तक्ता आठवतात. या तिन्हीच्या आधी एक गोष्ट बघायची असते: समोरचा मला बाहेर काढू शकतो का, आणि मी त्याला?

म्हणून तुमचा दुसरा हात, राणी-अठ्ठीचा, मला जास्त बोलका वाटतो. त्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात आणि तो शहाणपणा म्हणून सांगितलात. तेव्हा लीडरकडे 4 लाख 40 हजार, तुमच्याकडे 3 लाख 10 हजार, तिसऱ्याकडे 1 लाख 90 हजार होते. 60 हजारवाल्याने ऑल-इन केलं. तुम्हाला आणखी 40 हजार घालायचे होते. मध्ये आधीच 1 लाख 10 हजार पडलेले: त्याचे 60, तुमचा ब्लाइंड 20, अँटी 20, स्मॉल ब्लाइंड 10. चिप्सच्या हिशेबाने भाव आला 27 टक्के. आता पैशांचा बघा. फोल्डची किंमत 2 लाख 80 हजार. हरलात तर 2 लाख 50 हजार, कारण 2 लाख 30 हजार चिप्स तरी हातात राहतात आणि तुमचा दुसरा नंबरही जात नाही. जिंकलात तर तो बाहेर, तिघांचं बक्षीस पक्कं आणि तुमची किंमत 3 लाख 52 हजार. भाव येतो 29 टक्के.

सत्तावीसचे एकोणतीस. इथे बबल, म्हणजे आणखी एकच जण रिकाम्या हाताने जायचा बाकी असल्याची वेळ, असूनसुद्धा जवळजवळ काही बदललं नाही. तो माणूस फक्त एक्के, जोड्या आणि चित्रं घेऊनच येत असेल असं धरलं, तरी राणी-अठ्ठी तिनात एकदा जिंकते. कॉल होता. ज्याला तुम्ही कचरा म्हणालात ते पत्ते तिथे खेळायचे होते, आणि ज्यांना तुम्ही राजबिंडे समजलात ते एक्का-गुलाम पुढे टाकायचे होते. तुम्ही दोन्हीकडे उलट केलंत. घाबरायचं तिथे धीट झालात आणि धीट व्हायचं तिथे घाबरलात. त्यामुळे ‘घाबरून खेळू नये’ हा मित्रांचा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. कुणासमोर, हे त्यात येतच नाही.

आता जी गोष्ट आयसीएमच्या आकड्यांतही नाही, ती सांगतो. हे गणित सगळे सारख्याच ताकदीचे धरतं, आणि पुढचा ब्लाइंड कुणावर येणार हे त्याला दिसत नाही. तुम्हाला दिसत होतं. 50 हजारवाला तुमच्या डाव्या हाताला बसलेला. म्हणजे पुढच्याच हाताला तो बिग ब्लाइंड. 20 हजार ब्लाइंड, 20 हजार अँटी, खाली उरले 10 हजार. आणि तुम्ही स्मॉल ब्लाइंड. मधल्या दोघांनी पत्ते टाकले असते तर त्याला पूर्ण आत ओढायला तुम्हाला आणखी फक्त 20 हजार लागले असते, आणि मध्ये 50 हजार आधीच पडलेले. कुठल्याही दोन पत्त्यांवर करावं असं ते काम होतं. एवढं ताट वाढून ठेवलेलं असताना तुम्ही आदल्या हाताला, टेबलावरच्या ज्या एकाच माणसाच्या चिप्स तुमच्याहून जास्त होत्या, त्याच्याशी कुस्ती धरलीत. तुमच्या चिप्स चिप लीडरकडे गेल्या हे खरं. पण तुमच्या किमतीतला मोठा वाटा गेला त्या दोघांकडे, ज्यांनी बोटही हलवलं नाही. 50 हजारवाला 2 लाख रुपये घेऊन उठला ना?

हेही ऐका, नाहीतर पुढच्या वेळी एक्का-गुलाम बघून तुमचा हात कायमचाच थरथरेल. समजा तो चौथा बाहेर गेला आणि तुम्ही तिघं उरलात: लीडर साडेचार लाख, तुम्ही 3 लाख, तिसरा अडीच लाख. पुन्हा तोच स्मॉल ब्लाइंड, तोच ऑल-इन, तुमच्याकडे तेच पत्ते. आता हरलात तरी 2 लाख रुपये आहेतच. फोल्डची किंमत 3 लाख 12 हजार, जिंकल्यास 4 लाख 5 हजार. भाव येतो 54 टक्के. अर्धे पत्ते खेळणाऱ्या लीडरविरुद्ध एक्का-गुलाम साठच्या आसपास आहे. इथे कॉल करा आणि हरलात तर शांत झोपा. एका खेळाडूच्या जाण्याने 73 चे 54 होतात. तक्ता पाठ करण्यापेक्षा हे खाली-वर होणं अंगात मुरवलं तर जास्त उपयोगी पडेल.

ते मुरवायला गणित तोंडपाठ असावं लागत नाही. तुमच्याच टेबलावर जागा फिरवून बघा. तुम्ही डीलरच्या जागी, म्हणजे बटनावर असताना लीडर सगळ्यात आधी बोलतो. त्याने पत्ते टाकले की तुमच्या मागे उरतात फक्त 50 हजारवाला आणि 2 लाखवाला. दोघांनाही तुम्ही झाकता, म्हणजे तुमच्या चिप्स दोघांहूनही जास्त. 2 लाखवाल्याची आता तीच पंचाईत, जी लीडरसमोर तुमची होती. एक जण बाहेर जायच्या बेतात असताना तो कशाला मरायला येईल? इथून तुम्ही भरपूर पत्त्यांवर ऑल-इन करू शकता. 50 हजारवाला कदाचित कॉल करेल, म्हणून अगदीच भिकार पत्ते नकोत. पण त्याच्याकडून हरल्याने तुमचं काही मोडत नाही. उलट तुम्ही सगळ्यात आधी बोलणार आणि बिग ब्लाइंडवर लीडर, अशी पाळी असेल तेव्हा सोवळं पाळा. तिथे तुमच्या ऑल-इनला उत्तर द्यायला तोच बसलेला आहे. एकाच फेरीत एकाच माणसाच्या रेंजा इतक्या वेगळ्या असतात. मागे दोन-तीन जण बाकी असतील तर त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या ढिगाकडे बघून ठरवा, सरासरीकडे बघून नव्हे.

त्यासाठी ढीग नीट दिसायला हवेत. हा तक्रारीचा मुद्दा नाही, सवयीचा आहे. ऑनलाइन खेळून आलेल्यांना स्क्रीनवर आकडा लिहिलेला बघायची सवय असते. खऱ्या टेबलावर आकडा मागावा लागतो. समोरच्याने ऑल-इन केल्यावर डीलरकडून मोजून घ्यायला लाजू नका. चौघं-पाच जण उरले की प्रत्येक फेरीला सगळ्यांचे ढीग मनात लावून ठेवा आणि ब्लाइंड कधी कुणावर येतोय तेही.

अशा छोट्या टूर्नामेंटमध्ये आणखी एक सोय असते, ती पत्र वाचताना मला राहून राहून आठवत होती. आयोजकांची हरकत नसेल तर चौघांनी मिळून ठरवायचं, की चौथ्याला निदान त्याची प्रवेश फी परत द्यायची आणि ती वरच्या बक्षिसातून काढायची. त्याने 73 चा आकडा थोडा खाली येतो आणि टेबलावरचा गळफास सैल होतो. मात्र तुम्ही स्वतः चिप लीडर असाल तर मी हे सुचवणार नाही. तो गळफासच तुमची कमाई आहे.

सॅटेलाइट, म्हणजे जिथे बक्षीस म्हणून मोठ्या टूर्नामेंटची सारख्या किमतीची तिकिटं मिळतात, तिथे हा सगळा प्रकार टोकाला जातो. दहा तिकिटं, अकरा खेळाडू आणि तुमच्याकडे आरामात पुरतील इतक्या चिप्स असतील, तर मोठ्या ढिगासमोर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकावी लागते. पहिल्या आणि दहाव्यात फरकच नाही, तर जिंकून मिळवायचं काय? आणि शेवटचे दोघं उरले की उलट. तेव्हा दुसऱ्याचं बक्षीस दोघांनाही मिळालेलंच आहे, भांडण फक्त वरच्या रकमेचं. तिथे चिप पुन्हा पैसा होते आणि तुमचा तो तक्ता बाहेर काढायची वेळ येते.

सराव घरी करा, पैसे न लावता. जुने हात कागदावर मांडा: फोल्ड केलं तर किती, जिंकलो तर किती, हरलो तर किती. तीनच आकडे. वीस-पंचवीस हात असे केलेत की टेबलावर आकडा नाही आला तरी अंदाज चुकणार नाही. ऑनलाइन पैसे लावून सराव करायचा रस्ता आता नाही, आणि ‘ओळखीतल्या अ‍ॅपवर चालतं’ असं कुणी सांगितलं तर त्या वाटेला जाऊ नका. तिथे रेंज बरोबर असूनही पैसे बुडू शकतात.

राहिला घरातला प्रश्न. “2 लाख समोर दिसत असताना तूच का उठलास?” असं तुमच्या पत्नीने विचारलं आणि तुम्ही लिहिलंत, तिला पोकर कळत नाही. त्यांनी बक्षिसांची पायरी बघितली, 50 हजारवाला बघितला आणि विचारलं की आधी उठायची घाई तुम्हालाच का. वर मी एवढी आकडेमोड केली ती याच प्रश्नाची. तुमच्या मित्रांपैकी कुणी हे विचारलं नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला जावं की नाही, हे मला विचारण्यापेक्षा त्यांच्याबरोबर बसून ठरवा. एका कागदावर वरचे आकडे दाखवा. त्याच कागदावर खाली लिहा: वर्षाला तीन फेऱ्या, प्रत्येकी 35 हजार, शिवाय गाडी आणि हॉटेल. जिंकलंच तर बक्षिसावर 30 टक्के कर, आणि तीसेक जणांत सत्तावीस जण रिकाम्या हाताने परततात हेही. ती रक्कम ट्रेकिंगला किंवा नाटकांना जाते तशी गेली, तर घरात कुणाचं काही अडतं का? अडत नसेल तर जा. अडत असेल, तर राणी-अठ्ठी कुठे खेळायची हे कळूनही उपयोग नाही.